नाव आणि दिवा

अमेरिकेतील इंडियाना राज्यात लूथरन परंपरेचे वालपरायझो विद्यापीठ आहे. त्याचे बोधवाक्य स्तोत्र ३६ : ९ मधून, देवाच्या प्रकाशाविषयीचे घेतलेले आहे. तथापि त्याचे खेळाडू ‘क्रूसेडर’, म्हणजे क्रूसाचे चिन्ह लावून तरवारीने लढणारे योद्धे, म्हणवीत. इ. स. २०२१ मध्ये विद्यापीठाने ते नाव टाकून ‘बीकन’, म्हणजे वाट दाखविणारा दीप, हे नाव घेतले.

आपणही बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ताचे नाव घेतले. परंतु गाव नाव पाहत नाही. बांधाच्या तंट्यात आपण क्षमा करतो काय, मापात खरे राहतो काय, हे पाहते. दिव्यात तेल नसेल तर त्याला दिवा म्हणून काय लाभ? नाव घेणे एका दिवसाचे, तेल घालणे नित्याचे. प्रभु आपणांस त्या कामी साहाय्य करो. आमेन.