तुलनेची गावं

आत्या : शेजारच्या 47 गावांत मेलेली बाळं नुसती मोजली?

मी : 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत आरोग्यदूत नेमल्या. त्या घरी जाऊन नवजात तपासत, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन देत. 47 गावांत सरकारी सेवा होती तशीच राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा हा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. 39 गावांत हजार जन्मांमागे नवजात-मृत्यू 62 वरून 25.5 वर उतरले. 47 गावांत साठाच्या आसपासच राहिले. ती गावं नसती तर लोक म्हणाले असते, साल चांगलं होतं म्हणून बाळं जगली.

आत्या : कोण लोक? बाळंतिणीच्या सासूला तर कधीच पटलं असेल.

मी : सासूला पटून दुसऱ्या जिल्ह्यात काही होत नाही. देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात नवजाताच्या घरभेटी 2011 साली आल्या, त्या अशा आकड्यांमुळेच.

आत्या : म्हणजे आकडे हातात असूनही बारा वर्षं. मग त्या 47 गावांनी घाई कुणासाठी सोसली?

मी : घाई नव्हे, थांबणं सोसलं.

आत्या : तेच म्हणतेय.

मी : शिवाय गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हा आक्षेप राहिलाच. पुढे बांगलादेशात सिल्हटला 24 समूहांत चिठ्ठ्या टाकून घरपोच सेवा तपासली. 2008 च्या निबंधात तिथे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी दिसले.

आत्या : तिथेही तुलनेची गावं?

मी : होती. आणि बरीच लागतात. एका गावातल्या बाळांना पाणी, दाई, रस्ता एकच. म्हणून हजार बाळं म्हणजे हजार सुटे पुरावे होत नाहीत. हिशोब गावांचा धरावा लागतो.

आत्या : म्हणजे पुरावा पक्का हवा, तर सेवेविना ठेवायची गावं वाढवा.

मी : पाळीपाळीने सगळ्याच गावांना सेवा देता येते. क्रम चिठ्ठीने ठरवायचा.

आत्या : गाव थांबेल पाळीसाठी. बाळ अठ्ठावीस दिवसच नवजात असतं.

मी : ...

आत्या : माझ्या गावाची सही हवी असेल तर आधी लिहून द्या. किती फरक दिसला की प्रयोग थांबवणार? आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोण येणार?

मी : थांबण्याची रेषा आधीच आखतात. पण फार लवकर थांबलं तर फरक फुगलेला दिसतो.

आत्या : फुगू दे.

मी : मग सरकार म्हणेल, खात्री नाही, पुन्हा करून दाखवा.

आत्या : कुठल्या गावांत?