मातीचा हक्क कोण माफ करणार?

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि तेथे झोपलेले ६ कामगार मृत्युमुखी पडले. अशा आगीत गेलेल्या माणसांची मोजदाद होते. मातीचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

रसायनांचा साठा पेटतो, तेव्हा आग विझवण्यासाठी ओतलेले पाणी अर्धवट जळालेली द्रव्ये घेऊन नाल्यात व शेतात उतरते. तेथून ती विहिरीपर्यंत मुरतात. शिशासारखे जड धातू तर कुजतही नाहीत. भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा हलवायला १९८४ पासून २०२५ उजाडावे लागले.

पाणी नसेल तेव्हा स्वच्छ मातीने तयम्मुम करण्याची अनुमती दिव्य कुरआनात (सूरह निसा ४३, माइदा ६) आहे. जी माती आपल्याला पाक करते, तिच्यातच विष कालवणे ही अमानतीतील खयानत नव्हे काय?

अन्यायाने बळकावलेली वीतभर जमीनही कयामतच्या दिवशी गळ्यात पडेल, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. बळकावणारा सातबाऱ्यावरचे नाव बदलतो. विष सोडणारा नाव तसेच ठेवतो आणि जमिनीचा कस हिरावून घेतो. दोघांत फरक कितीसा?

कोणी म्हणेल, "हा अपघात होता, नियत वाईट नव्हती." परंतु चुकून झालेल्या हत्येतही शरीअतने दियत ठरवली आहे (सूरह निसा ९२). हेतू नसला म्हणून भरपाई टळत नाही. आणि खर्च वाचवण्यासाठी सुरक्षेकडे डोळेझाक केली असेल, तर त्याला निव्वळ अपघात तरी कसे म्हणावे?

हक्कुल इबाद ज्याचा बुडाला, त्यानेच माफ करायचा असतो. पण या मातीतले धान्य खाणारे मूल अद्याप जन्मालाही आलेले नाही. त्याची माफी आज कोणाकडे मागणार? म्हणून येथे केवळ तोंडी तौबा पुरत नाही. माती पुन्हा स्वच्छ करणे, हाच तौबेचा भाग ठरतो.

हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. रसायनांचे रिकामे ड्रम गल्लीत धुणारा, तांब्यासाठी वायरी जाळणारा भंगार व्यावसायिकही उत्तरदायी आहे. आपली रोजी हलाल आहे की नाही हे तपासताना तिची राख व सांडपाणी कोणाच्या जमिनीत जाते, हेही पाहिले पाहिजे.

अल्लाह आपणांस ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.