मृगया आणि संयम

जें काम सोप्या साधनानें होतें, तें मुद्दाम अवघड साधनानें करण्यांत कांहीं नैतिक थोरवी आहे काय? हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु अमेरिकेंतील धनुर्धारी शिकाऱ्यांकडे पाहिलें म्हणजे त्याचें गांभीर्य ध्यानांत येतें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं हरणाची शिकार आज निषिद्ध आहे. तिकडे मात्र ती परवान्यानें चालते. १९११ सालीं आपल्या जमातींतील एकटाच उरलेला इशी हा याही मनुष्य कॅलिफोर्नियांत सांपडला, त्याच्यापासून डॉ. सॅक्सटन पोप यांनीं ही विद्या घेतली व १९२३ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. १९३४ मध्यें विस्कॉन्सिन संस्थानानें केवळ धनुष्यासाठीं हरणाच्या शिकारीचा हंगाम ठरविला. इशीला धनुष्य हें पोट भरण्याचें साधन होतें. पोप यांच्यासारख्यांनीं तें बंदूक उपलब्ध असतां निवडलें. त्यांचे अनुयायी म्हणतात कीं, बंदुकीपुढें प्राण्याला सुटकेची संधि फारशी राहत नाहीं, धनुष्यापुढें ती राहते.

हा युक्तिवाद हंगामाच्या आरंभीं, सप्टेंबरच्या सुमारास, पारखून पाहावा. झाडांचीं पानें अद्याप गळालेलीं नसतात. पांढऱ्या शेपटीचीं हरणें उन्हाळ्यांतील संवयीप्रमाणें दिवसां दाट झाडींत पडून राहतात आणि सायंकाळीं ठराविक वाटेनें शेतांकडे चरावयास येतात. शिकारी ती वाट हेरून, आपला वास हरणाकडे जाणार नाहीं अशा बाजूस मचाण बांधतो. संध्याकाळीं थंड झालेली हवा उतारानें खालीं वाहते व वास खोलगट भागांत नेते, हेंही तो विसरत नाहीं. सारांश, ही सारी विद्या जवळून बाण मारतां यावा म्हणून आहे.

जवळून कां, याचें उत्तर साध्या गणितांत आहे. कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याचा बाण सेकंदास सुमारें ३०० फूट जातो, ध्वनि सुमारें ११०० फूट. ४० वारांवरील हरणाला दोरीचा टणत्कार बाणाच्या जवळजवळ तीन दशांश सेकंद आधीं पोहोंचतो. दचकून उडी घेण्यासाठीं तें अंग खालीं दबवितें, आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठींत रुतूं शकतो. २० वारांवर हा अवधि निम्मा होतो. म्हणजे सुटकेची संधि दोन प्रकारची ठरली: धडधाकट निसटण्याची आणि जखमी होऊन रानांत तळमळत राहण्याची. दुसरीला संधि म्हणणें ही क्रूर थट्टा होय.

अडचण शिकाऱ्यानें आपखुषीनें पत्करली. तिचा दंड मात्र हरणानें भोगावा, यांत थोरवी कसली? दशरथाचा नेम चुकला नव्हता. न पाहतां, केवळ आवाजावर बाण सोडला, हें त्याचें चुकलें. पानांआड अर्धवट दिसणाऱ्या हरणावर बाण सोडणारा त्याच वाटेनें जातो.

कांहीं वाचक म्हणतील, हत्याच वर्ज्य असतां हा सूक्ष्म विचार कशाला? त्यांचा आक्षेप वजनदार आहे आणि धनुष्य हातीं घेतल्यानें तो दूर होत नाहीं. परंतु जेथें हत्या कायद्यानें मान्य आहे, तेथेंही माणसामाणसांत अंतर राहतें. दिवसभर मचाणावर बसून, हरिण ४० वारांवर आलें असतांही बाण भात्यांत ठेवून जो घरीं परततो, त्यानें स्वतःवर घातलेला नियम स्वतःच्या खर्चानें पाळला. अवघड साधनाची प्रतिष्ठा असलीच तर ती एवढ्यांतच आहे.