लेकराला शिकारीस न्यावे काय?

"फादर, माझा मुलगा सहा वर्षांचा झाला. या वसंतात त्याला टर्कीच्या शिकारीला बरोबर न्यावे असे मनात आहे. यात काही गैर तर नाही ना?"

अमेरिकेतील मिझुरी राज्यात, एका खेड्यातील धर्मग्रामात काही महिने सेवा करीत असताना एका पित्याने मला हा प्रश्न विचारला. पास्काकाळ होता. रविवारची मिस्सा आटोपून लोक घरोघर निघाले होते. "गैर काहीच नाही, खुशाल न्या," असे मी म्हणालो. उत्तर द्यायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. ते उत्तर चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. परंतु ते फार लवकर दिले गेले, हे मला पुढे उमगले.

आपल्या वाचकांना ही शिकार ठाऊक असण्याचे कारण नाही. रानटी टर्की हा मोठा, सावध पक्षी. रात्री तो झाडावर बसतो आणि उजाडताना खाली उतरतो. एप्रिल-मे हा त्याच्या विणीचा काळ. नर पिसारा फुलवून, घशातून खळखळाट करीत मादीला साद घालतो. शिकारी अंधारातच रानात जातो, एखाद्या रुंद खोडाला पाठ टेकून बसतो आणि लाकडाच्या छोट्या पेटीवर पट्टी घासून किंवा पाटीच्या तुकड्यावर काडी ओढून मादीचा आवाज काढतो. नर त्या आवाजाच्या रोखाने येतो. चाळीसेक पावलांच्या आत आला की छऱ्यांची बंदूक चालवायची. या पक्ष्याची नजर इतकी तीक्ष्ण की, नुसते नाक खाजवायला हात उचलला तरी तो पसार होतो. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा व निळा हे रंग असतात. म्हणून या रंगांचे कपडे घालू नयेत, दुसरा शिकारी चुकून माणसावरच बार टाकील, हा तेथील पहिला धडा. सहा वर्षांच्या मुलाने तास-दोन तास असे दगडासारखे बसायचे!

ही शिकार मोकाट नाही. मिझुरीत १९३७ साली टर्कीची शिकार बंद करावी लागली होती, इतके हे पक्षी घटले होते. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी राखून ठेवला. जेथे पक्षी शिल्लक होते तेथून ते जाळ्यांनी जिवंत पकडून ओसाड झालेल्या रानांत सोडण्यात आले. १९६० साली मिझुरीत वसंतातील शिकार पुन्हा सुरू झाली. आज सबंध देशात टर्कींची संख्या सुमारे साठ लाख मानली जाते, जरी काही राज्यांत ती अलीकडे पुन्हा घसरू लागली आहे. वसंतात दाढी असलेला, म्हणजे बहुधा नर पक्षीच मारता येतो. अंड्यांवर बसणाऱ्या मादीला हात लावायचा नाही. हे वाचताना मला अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायाची आठवण होते. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले तर पिल्लांबरोबर आईलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे, अशी आज्ञा तेथे आहे. घ्यावे, पण सर्वच घेऊ नये, हा त्या आज्ञेचा गाभा.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने जाते. जलप्रलयानंतर देवाने नोहाला प्राण्यांचे मांस खाण्याची मुभा दिली, परंतु रक्त मात्र वर्ज्य ठरविले. जीव हा देवाचा, ही जाणीव माणसाला राहावी म्हणून. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य, मात्र त्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तर सात शतकांपूर्वीच म्हटले होते की, मुक्या जीवांवर दया करणारा माणूस माणसांवर दया करायला अधिक सिद्ध होतो, आणि त्यांच्याशी क्रूरपणे वागण्याची सवय माणसांपर्यंत पोहोचते.

मग प्रश्न उरतो तो मुलाचा. वरचे सारे युक्तिवाद मोठ्या माणसांचे आहेत. कर, कायदा, पक्ष्यांची गणती, यांतले सहा वर्षांच्या बालकाला काय कळणार? ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे पूर्ण झाल्यावर मूल विवेकाच्या वयात आले असे मानले जाते. त्याआधी ते पाहते, ऐकते, साठवते. न्याय करीत नाही. त्याच्यासमोर असतो तो आपल्या बापाचा चेहरा. बाप गंभीर असेल तर मृत्यू गंभीर; बाप टाळ्या पिटील तर मृत्यू हा खेळ.

आपण वसईकरांनी या बाबतीत नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, हे योग्यच झाले. परंतु सणाला कोंबडा कापला जाई तेव्हा आम्ही मुले अंगणातच असू. पाय धरायचे काम कित्येकदा माझ्याकडे येई. वडील सुरी हाती घेण्यापूर्वी क्रुसाची खूण करीत आणि त्या वेळी कोणाला हसू देत नसत. आज आपली नातवंडे कोंबडी खातात ती पिशवीतून आलेली. ताटातल्या तुकड्याला कधी पंख होते, हे त्यांना ठाऊक नसते. हे अज्ञान म्हणजे निरागसता नव्हे. हात कोणाचे तरी रक्ताळतातच; आपण फक्त ते आपल्या दृष्टीआड ठेवले आहेत.

त्या पित्याची पुढची भेट आठवड्याभराने झाली. शिकार साधली होती. मुलगा शहाण्यासारखा बसला, पक्षी पडल्यावर त्याने त्याची तांब्यासारखी चमकणारी पिसे हाताळून पाहिली. परतीच्या वाटेवर मात्र त्याने विचारले, "डॅडी, त्याला वाटलं का की त्याची मैत्रीण बोलावतेय? म्हणजे आपण त्याला खोटं सांगितलं?" बाप हसला आणि त्याने विषय बदलला. रात्री मुलाने ते मांस खाल्ले नाही. "फादर," तो मला म्हणाला, "मी त्याला शिकवायला नेले होते आणि उत्तर माझ्याकडेच नव्हते."

माझ्यापाशी सेमिनरीतले उत्तर होते. असत्य हे बुद्धी व भाषा असणाऱ्यांमध्येच घडते. पक्ष्याला फसविणे हे नीतिशास्त्राच्या अर्थाने खोटे बोलणे नव्हे. हे उत्तर बरोबर आहे, आणि त्या मुलाच्या दृष्टीने निरुपयोगी. तो व्याख्या विचारीत नव्हता. कोणीतरी विश्वासाने आपल्याकडे आले आणि आपण त्याला मारले, हे त्याने पाहिले होते, आणि आपला बाप अशा वेळी काय म्हणतो याची तो वाट पाहत होता. मोरिया डोंगराच्या वाटेवर लाकडे वाहणाऱ्या इसहाकानेही बापाला एकच प्रश्न विचारला होता. अब्राहामाने तो हसण्यावारी नेला नाही.

मी त्या पित्याला एवढेच सांगितले : "घरी जाऊन मुलाला खरे सांगा. होय, आपण त्या पक्ष्याला फसविले. म्हणून मी उगाच मारत नाही, मारलेले वाया घालवीत नाही, आणि मलाही त्याचे वाईट वाटते. तुला खायचे नसेल तर खाऊ नकोस." त्याने तसेच केले. नंतर त्याने कळविले की, मुलगा बटाटे खाऊन उठला आणि कोणी त्याला आग्रह केला नाही.

आता कोणी मला तोच प्रश्न विचारला तर मी उलट विचारीन : मुलाला जायचे आहे की तुम्हाला त्याला न्यायचे आहे? तो मध्येच घरी चला म्हणाला तर उठाल का? पक्षी जखमी होऊन पळाला तर त्याच्या यातना संपविण्यासाठी दुपारपर्यंत शोध घ्याल का? मुलगा रडला तर त्याला भित्रा म्हणाल का? आणि त्याने तुम्हाला अडचणीत टाकणारा प्रश्न केला तर खरे बोलाल का? या पाचांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याने लेकराचा हात धरून अवश्य रानात जावे. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने बंदुकीइतकीच कोंबडीच्या पिशवीचीही धास्ती बाळगावी. कारण प्रश्न तेथेही तोच आहे, फक्त विचारणारे मूल तेथे नाही.