नियम आणि मेहेरबानी

सास्तूरच्या हॉटेलात राजकारणाचा विषय निघाला की चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतोच, ‘‘सगळे एकाच माळेचे मणी.’’ माना हलतात आणि गप्पा पीकविम्याकडे वळतात. या वैतागाला कारण आहे, नाही असे नाही. पण त्याचा फायदा कुणाला होतो? ज्याने शब्द मोडला, त्याला. सगळेच सारखे ठरले की त्याने एकट्याने का म्हणून लाजायचे?

शिवाय सगळे सारखे नसतात, हे आपल्याच धाराशिव जिल्ह्याने पाहिले आहे. २० जून २०२२ ला विधान परिषदेचे मतदान उरकले आणि त्याच रात्री शिवसेनेचे काही आमदार बंड करून सुरतेच्या वाटेला लागले. उमरग्याचे ज्ञानराज चौगुले, म्हणजे सास्तूरचे आमदार, एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. परंड्याचे तानाजी सावंतही गेले. धाराशिवचे कैलास पाटील मात्र वाटेतच गाडीतून उतरले. पावसात काही अंतर चाललो, मग कुणाच्या दुचाकीवर, पुढे ट्रकने असा मुंबईला परतलो, असे त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितले. एक जिल्हा, एक पक्ष, एक रात्र आणि तीन आमदार. पाटील उद्या काय करतील याची हमी मी देणार नाही. राजकारण्याची हमी त्याच्या घरच्यांनीही देऊ नये. पण त्या रात्री त्यांनी जे केले ते इतरांसारखे नव्हते.

गेलेल्यांकडेही कारण होते. अर्थमंत्री अजित पवार आमच्या मतदारसंघांना निधी देत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार होती. जुलै २०२३ मध्ये अजित पवार शिंदे यांच्याच सरकारात आले आणि अर्थखाते पुन्हा त्यांच्याकडेच गेले! एप्रिल २०२४ मध्ये तुळजापूरचे भाजप आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चना पाटील राष्ट्रवादीत गेल्या आणि लोकसभेला उभ्या राहिल्या. एकाच घरात कमळही, घड्याळही. यात बेकायदा काहीच नव्हते. लोक चिडलेही नाहीत, हसले. मतमोजणीत मात्र शिंदेंबरोबर न गेलेले खासदार ओमराजे निंबाळकर तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला, सलग तीनदा निवडून आलेले चौगुले हरले, तेही चार हजारांहून कमी मतांनी.

हा छोटा फरक मला मोठ्या फरकापेक्षा जास्त विचारात पाडतो. चौगुलेंना नव्वद हजारांवर मते पडली. ती देणारे काही आंधळे नव्हते. अशाच एका जाणत्या शेतकऱ्याने मला सुनावले होते, ‘‘साहेब, निष्ठेवर डांबर पडत नसतंय. आमदार सत्तेत असला तर रस्ता होतो, नसला तर निवेदनं देत बसायचं.’’ याला उत्तर देणे सोपे नाही. विरोधी बाकावरच्या आमदाराला निधी मिळत नाही ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे; तक्रार करणारे फक्त बदलतात. म्हणजे शब्द पाळायचा आमदाराने आणि खड्डे सोसायचे मतदाराने. सचोटीची किंमत अशी दुसऱ्याच्या खात्यावर टाकता आली की मतदारच आमदाराला म्हणू लागतो, जा बाबा तिकडे, पण काम कर. सत्तेतल्या माणसाला बेइमानी करायला आपण परवानगी देतो ती लोभापायी नव्हे, नाइलाजाने. आणि हा नाइलाज कुणीतरी मुद्दाम तयार केलेला असतो, निधीच्या यादीत.

सास्तूरने याच्या उलटा प्रकारही पाहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसे उशिरा आडवी झालेली. सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर आले. कुडाच्या झोपडीत निजलेला गरीब त्यातल्या त्यात वाचला, वाड्यातला दबला. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन सुरू झाले, ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. घराचे माप ठरले ते जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. ज्याच्याकडे आधीच जास्त, त्याला तिप्पट घर! हा निकष मला आजही अन्यायाचा वाटतो.

पण तो निकष होता. सातबारा दाखवला की घराचे माप कळत होते. तुमचा आमदार कोणत्या बाकावर बसतो, हा रकाना त्यात नव्हता. याद्यांमध्ये वशिला चाललाच नाही, असे कोण म्हणेल? काही गावांत घरांच्या कबाल्यांसाठी लोकांना कित्येक वर्षे हेलपाटे घालावे लागले, तेही खरेच. तरी भांडायला हातात कागद होता. नियम वाईट असला तर त्याच्याशी भांडता येते. मेहेरबानीशी कसे भांडणार? तिच्यापुढे हात जोडूनच उभे राहावे लागते.

आता हक्काची गोष्टही मेहेरबानीच्या वाटेने येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पीकविम्याच्या पैशांसाठी कैलास पाटील उपोषणाला बसले. विमा हा करार असतो; हप्ता भरला, नुकसान झाले, भरपाई द्यायची. त्यासाठी आमदाराने उपाशी का बसावे? सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा, भूम भागात जनावरे वाहून गेली, शेतातली माती खरवडून गेली. मदतीच्या पिशव्या आल्या त्यांच्यावर एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांचे फोटो होते. टीका झाली, खुलासेही झाले. फोटो छापणाऱ्याला त्यात वावगे वाटले नाही, हे मला फोटोपेक्षा जास्त खटकते. ज्याला देण्याची सवय लागते त्याला समोरच्याचा हक्क दिसेनासा होतो. घेणाऱ्यालाही सवय लागते, तो आभार मानू लागतो.

म्हणून सत्तेतल्या माणसांच्या चारित्र्यावर हळहळण्यापेक्षा मला त्यांच्या हातातल्या मोकळ्या रकमेची जास्त काळजी वाटते. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ ला आला. २००३ मध्ये त्यातली एक तृतीयांश फुटीची पळवाटही बुजवली. तरी गाड्या सुरतेला गेल्याच. कायदा आमदाराच्या मताला वेसण घालतो, पण त्याच्या मतदारसंघातला रस्ता, तलाव, सभामंडप कुणाच्या सहीने होणार, याला हात लावत नाही. आमदार सौदा करतात तो तिथे.

एका रकमेला मात्र हे लागू नाही. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी; २०२२ मध्ये तो चारचा पाच झाला. सत्ताधारी असो की विरोधक, उमरगा असो की बारामती, रक्कम तीच. त्या पाच कोटींसाठी कुणी पक्ष सोडल्याचे आजवर माझ्या ऐकिवात नाही.