पंप चालू, काम चालू

अंगावर घालायच्या ब्रेस्टपंपाने बाईचा मोठा जाच कमी केला, हे आधीच कबूल करते. जुन्या पंपाला नळ्या, प्लगजवळची खुर्ची आणि कडी लागणारी खोली हवी असे. हा ब्रेसियरमध्ये बसतो, बॅटरीवर चालतो. वरून ओढणी घेतली की शेजारच्या टेबलालाही पत्ता लागत नाही. फक्त पडलेलं पेन उचलायला कमरेतून वाकायचं नाही. वाकलं की जमलेलं दूध कुर्त्यावर.

पण त्याच्या जाहिराती पाहा. आई कधी नुसती बसलेली दिसते का? ती लॅपटॉपवर तरी असते, नाहीतर थोरल्याचा डबा भरत असते. हात मोकळे झाले रे झाले की त्यांना काम लावून दिलेलं!

माझं घोडं इथेच अडतं. 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला कामाच्या वेळात रोज दोन सुट्ट्या दिल्या. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची केली, 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि दिवसातून चारदा तिथे जायची मुभा दिली. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या दूध निघत असेल, तर ही सुट्टी मागायची कुठल्या तोंडाने? आणि पाळणाघरावर खर्च तरी कोण करेल?

शिवाय दूध नुसतं ओढून येत नाही. बाळ लुचतं, रडतं, नुसतं आठवतं, तेव्हा ऑक्सिटोसिन स्रवतं आणि पान्हा फुटतो. ताणात तो अडतो. टार्गेट का हुकलं याचा खुलासा करताना मोटर घरघरत राहते, कपाच्या तळाशी मात्र जेमतेम चमचाभर. (माइक बंद ठेवावा, हे ओघानेच आलं.)

पुढचं सगळं तर हातांनीच. पँट्रीत चहाचे कप विसळायच्या सिंकपाशी उभं राहून चिमुकली सिलिकॉनची झडप बोटांत धरून धुवायची, मोटरला पाणी लागू द्यायचं नाही, आणि चार तासांच्या आत दूध फ्रिजमध्ये, कुणाच्या तरी दह्याच्या डब्यामागे.

पंप मी कुणाला टाकायला सांगणार नाही. रात्रपाळीच्या नर्सला तो हवाच. मात्र तो चालू असताना मेलला उत्तर देऊ नये, फोन उचलू नये, आणि ती वीस मिनिटं ऑफिसच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसतील अशी राखून ठेवावीत.