‘तसे केले असते तर...’

उपचार संपतात, केस पुन्हा येऊ लागतात, सहा महिन्यांनी तपासणीला या असे सांगून डॉक्टर निरोप देतात. आणि मग एखाद्या रात्री प्रश्न उभा राहतो. आपण निवडलेला मार्ग योग्य होता काय?

आमच्या खालांना स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांच्यापुढे दोन पर्याय होते: फक्त गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून किरणोपचार घेणे, किंवा संपूर्ण स्तन काढणे. गाठ लहान होती. घरच्यांशी मशवरा करून, इस्तिखारा करून त्यांनी दुसरा पर्याय स्वीकारला. आज त्या बऱ्या आहेत. तरीही मधूनच विचारतात, ‘‘मी उगाच घाई केली का रे?’’ आणि विचारल्यावर लगेच तौबा करतात. कारण असे वाटणे म्हणजे तकदीरवर नाराजी, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.

माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, हिताच्या गोष्टीसाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी, हताश होऊ नये. आणि संकट ओढवल्यावर ‘मी असे केले असते तर’ म्हणत बसू नये, कारण त्यातून सैतानाला वाट मिळते. परंतु हज्जतुल विदाच्या प्रसंगी स्वतः प्रेषितांनीच (स.) सांगितले होते की, आता जे कळले ते आधी कळले असते तर कुर्बानीची जनावरे सोबत आणली नसती. म्हणजे ‘तर’ हा शब्द मुळातच वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती अल्लाहच्या फैसल्याशी भांडणारी आणि माणसाला आतून पोखरणारी खंत.

हिजरी 18 च्या सुमारास हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना प्लेगची वार्ता कळली. त्यांनी मुहाजिरांना विचारले, अन्सारांना विचारले. दोन्हीकडे मतभेद झाले. मग कुरैशच्या वडीलधाऱ्यांनी एकमताने परतण्याचा सल्ला दिला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांचे उत्तर होते की, आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. पुढे अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) याच विषयावरील हदीस ऐकवली आणि निर्णयावर शिक्कामोर्तब झाले. अबू उबैदा (रजि.) मात्र शाममध्ये आपल्या लोकांसोबत राहिले आणि त्याच साथीत वारले.

याच्या पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सर्गहून परतल्याची खंत उमर (रजि.) यांना नंतर वाटली, अशी रिवायत इब्ने हजर यांनी ‘फतहुल बारी’त नोंदवली आहे. मशवरा झाला, हदीसचे प्रमाण मिळाले, तरी मन मागे वळलेच. त्यावरून त्यांचा ईमान कमकुवत होता असे कोण म्हणेल?

मन असे का वळते? इटलीतील मिलान येथे 1973 ते 1980 या काळात लहान गाठ असलेल्या 701 स्त्रियांपैकी काहींचा संपूर्ण स्तन काढला गेला, तर काहींचा राखून किरणोपचार दिले गेले. वीस वर्षांनंतरचा हिशेब 2002 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील स्त्रिया सारख्याच प्रमाणात हयात होत्या. मात्र स्तन राखलेल्यांत तेथेच पुन्हा गाठ येण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे खालांनी दुसरी वाट धरली असती, तर आज प्रत्येक तपासणीआधी त्यांची झोप उडाली असती, आणि ‘काढून टाकले असते तर’ असे त्या म्हणाल्या असत्या. न निवडलेल्या वाटेचे काटे कोणालाच टोचत नाहीत.

गाठ कळूनही ज्याने आमिलाच्या तावीजावर वर्ष काढले, त्याची गोष्ट निराळी. तेथे पश्चात्तापाला जागा आहे आणि तौबेचे दारही उघडे आहे. पण प्रामाणिकपणे विचारून घेतलेला निर्णय हा गुनाह नव्हे, मग त्याची तौबा कशाची? आणि खरे सांगायचे तर हा ‘तर’ पुष्कळदा रोग्याच्या मनात उगवतच नाही, भेटायला येणारे तो घेऊन येतात. ‘मुंबईला न्यायला हवे होते’ असे उपचार संपल्यावर सांगणे ही कसली इयादत?

खालांना मी सर्गची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘अबू उबैदांच्या घरच्यांना काय वाटले असेल?’’

मला उत्तर देता आले नाही.